अतींद्रिय गुप्तहेरकथा

ज्या रहस्यकथेत भूतबाधा, शाप, जादू अशा अमानवी घटनांचा तपास होतो आणि तपास करणारा नायक त्या विद्येचा जाणकार असतो, तिला ही संज्ञा लावतात. रहस्यकथा व भयकथा यांच्या सीमेवरचा हा प्रकार मुख्यतः इंग्रजी नियतकालिकांतून वाढला.

उगम : पहिलेपणाचा मान कोणाचा, याविषयी एकमत नाही. बहुतेक संदर्भग्रंथ आयरिश लेखक शेरिडन ले फानू याच्या डॉ. मार्टिन हेसेलियसचे नाव घेतात. ‘ग्रीन टी’ ही त्याची कथा १८६९ मध्ये डिकन्सच्या ‘ऑल द इयर राउंड’ साप्ताहिकात आली. तीत जेनिंग्ज या पाद्र्याला लालसर डोळ्यांचे लहानसे काळे माकड सतत दिसते. हेसेलियस सारी हकिकत ऐकतो, विचार करायला शांत जागी निघून जातो आणि पत्ता मात्र मागे ठेवत नाही. तेवढ्यात जेनिंग्ज गळा चिरून घेतो. उपचार सुरूच झाले नव्हते, असा डॉक्टरचा वरती खुलासा! १८७२ च्या ‘इन अ ग्लास डार्कली’ संग्रहातल्या बाकीच्या कथा केवळ त्याच्या दप्तरातून निघालेल्या म्हणून येतात. त्यामुळे त्याला गुप्तहेर म्हणणे ओढूनताणूनच ठरते.

दुसरा पक्ष फिट्झ-जेम्स ओब्रायनच्या हॅरी एस्कॉटचा. त्याच्या दोन कथा १८५५ व १८५९ मधल्या. दुसरीत पकडलेल्या अदृश्य प्राण्याला क्लोरोफॉर्म देऊन त्याचा प्लास्टरचा साचा घेतला जातो. कालक्रम या पक्षाच्या बाजूने आहे, पण एस्कॉट हौशी जिज्ञासू आहे. त्याच्याकडे कोणी प्रकरण घेऊन येत नाही. गाऱ्हाणे, जागेची पाहणी, निष्कर्ष हा साचा नीट बसलेला दिसतो तो १८९८-९९ च्या सुमारास ‘पिअर्सन्स’ मासिकातल्या फ्लॅक्समन लोच्या कथांत. केट व हेस्केथ प्रिचर्ड या मायलेकांनी त्या ‘ई. अँड एच. हेरॉन’ या टोपणनावाने लिहिल्या. प्रकाराची खरी सुरुवात येथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

पुढे दोन वळणे पडली. अल्जर्नन ब्लॅकवुडचा जॉन सायलेन्स (१९०८) साधनेच्या बळावर काम करतो. बाधित घरात तो मांजर व कुत्रा घेऊन जातो, तेव्हा मांजर सुखावते आणि कुत्रा भेदरतो. विल्यम होप हॉजसनचा कार्नाकी (१९१०) उपकरणांवर विसंबतो. तो आधी दारांवर केस ताणून लाखेची मोहोर लावतो, माणसाची लबाडी नाही ना हे पाहतो आणि मगच विजेच्या नळ्यांच्या पंचकोनात बसतो. काही प्रकरणांत भूत निघतच नाही, हे या कथांचे मोठे बलस्थान. अमेरिकेत सीबरी क्विनचा ज्यूल्स द ग्रांदँ १९२५ पासून ‘वीअर्ड टेल्स’मध्ये दीर्घकाळ टिकला.

आधुनिक रूप व वाचकमत : विसाव्या शतकाच्या अखेरीस महानगर, पोलिसखाते आणि व्हॅम्पायर यांची सांगड पडली. जिम बुचरच्या मालिकेतला (२००० पासून) हॅरी ड्रेस्डेन शिकागोत चक्क जादूगार म्हणून फोनपुस्तकात नाव छापतो. जादूने माणूस मारायचा नाही, हा त्याच्या जगातला पहिला कायदा, आणि वाचकांचा विश्वास अशा बंधनांवरच उभा राहिला. सहा वर्षांच्या खंडानंतर २०२० मध्ये जुलैत ‘पीस टॉक्स’ व सप्टेंबरात ‘बॅटल ग्राउंड’ आले. मुळात हे एकच पुस्तक होते. पहिले अर्ध्यावर तुटते, दुसरे जवळजवळ सगळे एका रात्रीच्या लढाईत जाते, ही नाराजी ठळक होती. युद्धाची भव्यता आवडलेलेही पुष्कळ. सर्वांत तीव्र वाद माजी पोलीस अधिकारी कॅरिन मर्फीच्या मृत्यूवर झाला: महाकाय शत्रूला पाडल्यावर ती एका भेदरलेल्या पोलिसाच्या गोळीने जाते. काहींना हा शेवट वास्तव वाटला, काहींना तिचा अपमान. मृत्यू पटतो; मात्र तपासच उरला नाही, ही तक्रार या प्रकाराच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे.

मराठीत नारायण धारप (१९२५–२००८) यांचा ‘समर्थ’ हा नायक या प्रकाराच्या सर्वांत जवळ येतो. त्याचे बळ उपकरणांत नसून आत्मिक सामर्थ्यात असल्याने तो कार्नाकीपेक्षा सायलेन्सच्या कुळातला ठरतो. बाबूराव अर्नाळकरांची परंपरा मात्र मुख्यतः मानवी गुन्हेगारांपुरतीच राहिली.