माळ्यावरचा दिवा आणि घटिकापात्र

लग्नाचा मुहूर्त साधायला पूर्वी घटिकापात्र लावत. तळाला बारीक भोक असलेली वाटी घंगाळातल्या पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटं झाली. जास्त वेळ मोजायचा तर मोठी वाटी आणायची नाही. तीच पुन्हा सोडायची आणि किती वेळा बुडाली ते मोजायचं. बॅटरीवर चालणारा टायमर करताना मला ही युक्ती हटकून आठवते.

समजा, माळ्यावर छोटा एलईडी दिवा हवा आहे. बटण दाबलं की लागावा, दहा मिनिटांनी आपोआप विझावा. बहुतेकांचा हात आधी ५५५ या आयसीकडे, म्हणजे वेळ मोजणाऱ्या चिपकडे जातो. हान्स कामेनझिंड यांनी १९७१ मध्ये सिग्नेटिक्स कंपनीसाठी रचलेली ही आयसी गुणी आहेच. पण तिचा जुना, बायपोलर प्रकार नुसता बसून असतानाही ५ व्होल्टला सुमारे ३ मिलिअँपिअर खातो. पेन्सिल सेलची क्षमता २,००० मिलिअँपिअर-तास धरली, तर दिवा एकदाही न लावता २७-२८ दिवसांत सेल संपले! सीमॉस प्रकारची (जोडीजोडीने काम करणाऱ्या ट्रान्झिस्टरांची) ५५५ याच्या एक दशांशाहूनही कमी खाते.

तरी एक अडचण उरतेच. दहा मिनिटांसाठी ५५५ ला मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लागतो. कपॅसिटर म्हणजे विजेचा भार साठवणारी वाटीच, ती भरली की वेळ संपली. पण हा प्रकार गळका असतो. रेझिस्टरमधून आत येणारा प्रवाह जेमतेम काही मायक्रोअँपिअर. गळतीही तेवढीच झाली तर वाटी कधी भरतच नाही.

म्हणून मी सीडी४०६० ही सीमॉस आयसी निवडेन. तिच्यात छोटी वाटी आहे आणि मोजणाराही आहे: ठरावीक लयीत आवर्तनं करणारा ऑसिलेटर आणि ती मोजणारा १४ टप्प्यांचा काउंटर. ०.१ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर आणि ३३० किलोओहमचा रेझिस्टर जोडला, की एक आवर्तन सुमारे ०.०७६ सेकंदाचं होतं (२.३ × रोध × धारिता). सोबतचा दुसरा रेझिस्टर दहापट, ३.३ मेगओहमचा. अशी ८,१९२ आवर्तनं झाली की शेवटचा टप्पा वर जातो, म्हणजे त्याचं व्होल्टेज चढतं. गुणाकार करून पाहा: ६२२ सेकंद, दहा मिनिटांहून थोडी जास्त. त्या टप्प्याला पी-चॅनेल मॉसफेटचं (दिव्याच्या इलेक्ट्रॉनिक स्विचचं) गेट जोडलं, की तो खाली असेपर्यंत दिवा चालू आणि वर गेला की बंद. बटण रीसेटच्या पायावर. दाबलं की मोजणी शून्यापासून.

खरी बचत मात्र एका साध्या डायोडमध्ये, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागात आहे. शेवटच्या टप्प्यापासून ऑसिलेटरच्या इनपुटकडे तो लावला, की वेळ संपताच ऑसिलेटर थांबतो. सीमॉसमध्ये ट्रान्झिस्टरच्या जोडीतला एक नेहमी बंद असतो. प्रवाह वाहतो तो मुख्यतः स्थिती बदलताना. बदलच थांबला की उरतो तो रेझिस्टरांमधून जाणारा एखादा मायक्रोअँपिअर. मात्र रीसेटचा पाय अधांतरी सोडू नका, रेझिस्टर लावून त्याला ग्राउंडशी, म्हणजे सेलच्या ऋण टोकाशी बांधा. अधांतरी पाय मधल्या व्होल्टेजवर रेंगाळला तर जोडीतले दोन्ही ट्रान्झिस्टर अर्धवट उघडतात आणि सेल गुपचूप उतरत राहतो.

मग सेल खर्च होतो तो जवळजवळ सगळा उजेडासाठीच. २० मिलिअँपिअरचा दिवा दहा मिनिटांना ३.३ मिलिअँपिअर-तास घेतो, म्हणजे हिशोबाने माळ्यावर सुमारे ६०० खेपा.