पुणे रेसिडेन्सीचे गुप्त राजकारण

पेशवे दरबाराचे निर्णय आपल्या बाजूस वळविण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने पुण्यातील वकिलातीमार्फत चालविलेले बातमीदारीचे व फितुरीचे उद्योग. आरंभ साधारणतः १७८६ पासून धरतात, कारण चार्ल्स मॅलेट त्या वर्षी कायमचा रेसिडेंट (दरबारातील कंपनीचा प्रतिनिधी) म्हणून आला आणि मुळा-मुठेच्या संगमावर रेसिडेन्सी उभी राहिली. परंतु मुंबईकर इंग्रजांचा वकील टॉमस मॉस्टिन १७७२ मध्येच पुण्यात येऊन राहिला होता. नारायणरावाच्या खुनानंतर मुंबईकरांनी राघोबाचा पक्ष उचलला, तो या वकिलातीच्या बातम्यांशी जोडून पाहणे भाग आहे. त्यामुळे १७७२ हा आरंभ अधिक सयुक्तिक वाटतो. सलग पत्रव्यवहार मात्र मॅलेटपासूनचा असून तो जदुनाथ सरकार व गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली छापला गेला.

यंत्रणा माणसांवर चाले. रेसिडेंट कर्नल क्लोजच्या काळात रेसिडेन्सीचा दरबाराशी व्यवहार खुश्रूशेट मोदी पाहत असे. त्याच वेळी तो पेशव्यांचा कर्नाटकचा सरसुभेदारही होता. क्लोजनंतरचा रेसिडेंट एल्फिन्स्टन याने त्याला दोहोंपैकी एक चाकरी निवडावयास लावली. १८१५ मध्ये तो विषाने मेला. ते त्याने स्वतः घेतले की त्याला घातले गेले, याबद्दल मतभेद आहेत. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे विश्वासू कारभारी त्रिंबकजी डेंगळ्यांवरील आरोप संशयापलीकडे जात नाही.

त्याच वर्षी पंढरपुरात गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला. शास्त्री गायकवाडांचे वकील असले तरी कंपनीच्या हमीवर आले होते, म्हणून खुनाचा आरोप आलेल्या त्रिंबकजींना ठाण्याच्या किल्ल्यात ठेवणे एल्फिन्स्टनला साधले. १८१६ मध्ये ते निसटले. पहारा मराठी न समजणाऱ्या गोऱ्यांचा होता. घोडा खरारताना एका मोतद्दाराने मराठी गाण्यातून बेत कळविला, अशी कथा सांगतात.

१३ जून १८१७ च्या तहाने पेशव्यांना इतर दरबारांतील वकील परत बोलवावे लागले. नाना फडणीसांच्या काळापासूनची पुण्याची बातमीदारी त्यामुळे लंगडी पडली. या तहातील मुलूख देण्याच्या कलमांपेक्षा हे कलम अधिक घातक होते.

बाजीरावाने कंपनीचे शिपाई फोडण्यास यशवंतराव घोरपड्यांना पैसा दिला, तर त्यांनी ती गोष्ट एल्फिन्स्टनलाच कळविली. १ नोव्हेंबरला इंग्रजी फौज खडकीकडे हलली. ५ नोव्हेंबरच्या लढाईच्या दिवशी मराठ्यांनी रेसिडेन्सी जाळली. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण चढले. ते रेसिडेन्सीच्या चाकरीतील बाळाजीपंत नातूंनी लावले, असे परंपरा सांगते.