मुलाचे वजन किती, यापेक्षा त्याचा लठ्ठपणा किती गंभीर?

फोंड्यातील आमच्या आहारसल्ला केंद्रात येणारे पालक बहुधा पहिला प्रश्न हाच विचारतात की, मुलाचे वजन किती किलोने उतरायला हवे. या प्रश्नाचे उत्तर आम्ही पहिल्या भेटीत देत नाही. त्याचे कारण कळावे म्हणून हे माहितीपत्रक आहे.

समजा, अकरा वर्षांचे दोन मुलगे आहेत. दोघांचीही उंची 140 सेंमी आणि वजन 52 किलो. दोघांचाही बीएमआय (किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) सुमारे 26.5 येतो आणि भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2015 च्या वाढतक्त्यावर दोघेही लठ्ठपणाच्या रेषेच्या वर जातात. मात्र पहिला रोज संध्याकाळी फुटबॉल खेळतो, रात्री शांत झोपतो आणि त्याच्या रक्ततपासणीत काही दोष नाही. दुसऱ्याचा रक्तदाब वाढलेला आहे, तो रात्री घोरतो, दिवसा वर्गात पेंगतो आणि मुले चिडवतात म्हणून खेळाच्या तासाला पोटदुखीचे निमित्त सांगतो. काट्यावर हे दोघे सारखेच असले, तरी डॉक्टरांकडे आधी दुसऱ्याला न्यायला हवे.

हा फरक मोजण्यासाठी ‘एडमंटन’ पद्धत वापरली जाते. डॉ. आर्या शर्मा आणि रॉबर्ट कुशनर यांनी ती 2009 मध्ये प्रौढांसाठी मांडली आणि पुढे कॅनडातील तज्ज्ञांनी ती मुलांसाठी बेतून घेतली. तीत चयापचय (शरीर अन्नाचा वापर कसा करते ते), हाडे-सांधे व श्वास, मन आणि घर-शाळेची परिस्थिती अशा चार बाजू पाहून 0 ते 3 अशी पायरी ठरवतात. 0 म्हणजे वजन जास्त, पण त्रास नाही. 3 म्हणजे गंभीर त्रास.

चयापचयाची एक खूण घरीही दिसते. मानेवर किंवा काखेत मखमलीसारखा जाडसर काळेपणा आला की पुष्कळ घरांत तो मळ समजून घासला जातो. तो मळ नव्हे. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण असू शकते आणि अशा वेळी रक्तातील साखर तपासून घ्यावी. शिवणकामाच्या टेपने कंबरही मोजावी: पाच वर्षांवरील मुलाची कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे वरील उदाहरणात 70 सेंमीपेक्षा अधिक, भरली तर पोटाभोवती चरबी साठत आहे असे समजावे. रक्तदाब मोजताना दंडाला बांधायचा पट्टा मुलाच्या दंडाच्या मापाचा आहे ना, हे जरूर विचारा. पट्टा लहान असेल तर आकडा खोटाच वाढलेला दिसतो.

मूल लंगडत असेल किंवा गुडघा दुखतो म्हणत असेल, तर तेल चोळत बसू नये. वजनदार मुलांत खुब्याचे हाड सरकल्याची वेदना कधीकधी गुडघ्यात जाणवते, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. वजन वाढत असताना उंची मात्र खुंटली असेल, तर संप्रेरकांची तपासणी आवश्यक ठरते.

मन आणि घरची परिस्थिती यांबद्दल आम्ही प्रश्न विचारतो तेव्हा काही पालकांना ते आगाऊपणाचे वाटतात. परंतु हॉटेलात पाळीने काम करणाऱ्या आईवडिलांचे मूल रात्री टीव्हीसमोर एकटेच जेवत असेल, तर तेथे आहाराचा कागद भिंतीवर चिकटवून उपयोग नाही. आधी त्याच्याबरोबर ताटावर कोण बसेल, हे ठरवावे लागते. शेजारी ‘गुटगुटीत’ म्हणून कौतुक करतात आणि वर्गात त्याच अंगावरून टिंगल होते, हेही मूल सहसा आपणहून सांगत नाही.

निदान व औषध हे बालरोगतज्ज्ञांचे काम आहे. आम्ही नोंदी करून त्यांच्याकडे पाठवतो आणि आहाराची आखणी करतो. वाढत्या वयात वजन आहे तेथेच राहिले आणि उंची वाढली, तरी बीएमआय उतरतो. त्यामुळे पुष्कळ मुलांना किलो घटवण्याचे लक्ष्य आम्ही देतच नाही.

पहिल्या भेटीला येताना लसीकरणाची पुस्तिका, जुने रक्त अहवाल आणि शाळेतील उंची-वजनाची नोंद आणावी. वजनाविषयी आपल्याला स्वतंत्रपणे बोलायचे असल्यास तसे आधी कळवावे. तेवढा वेळ आम्ही मुलाला शेजारच्या खोलीत बसवतो.