ते ठिपके म्हणजे अणू नव्हेत

स्फटिकावर क्ष-किरण सोडले की फिल्मवर ठिपक्यांची सुबक नक्षी उमटते. १९१२ साली म्युनिकमध्ये लाउए, फ्रीडरिख आणि क्निपिंग या भौतिकशास्त्रज्ञांनी ती पहिल्यांदा मिळवली. तेव्हापासून अशा चित्रांखाली ‘हे बघा अणू’ असं बिनदिक्कत लिहिलं जातं. ते साफ चूक आहे.

पडताळा सोपा आहे. एकसंध स्फटिक न फिरवता किरणांच्या झोतातच जरासा बाजूला सरकवा: नक्षी जागची हलत नाही. अणूंचा फोटो असता तर तीही सरकली असती. स्फटिक फिरवला की मात्र ती लगेच बदलते.

कारण एकेक ठिपका अणूंच्या समांतर प्रतलांच्या, म्हणजे एकसारख्या अंतरावरच्या सपाट थरांच्या, अख्ख्या संचाचा असतो. स्फटिकातल्या अणूंच्या नियमित मांडणीच्या चौकटीला जालक म्हणतात; त्यावरून गणिताने काढलेल्या बिंदूंच्या व्यस्त जालकात, म्हणजे रेसिप्रोकल लॅटिसमध्ये, असा संच एका बिंदूने दाखवतात. बिंदूची दिशा प्रतलांना लंब, आणि आरंभबिंदूपासूनचं अंतर प्रतलांमधल्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात. फिल्मवरचे ठिपके याच बिंदूंशी जुळतात.

आपलं साधं मीठ घ्या. त्याच्या एकक घनाची, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या मूळ ठोकळ्याची, बाजू ५.६४ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग), आणि सर्वांत ठळक परावर्तन देणाऱ्या प्रतलांमधलं अंतर २.८२. तांब्यापासून मिळणाऱ्या, १.५४ अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या क्ष-किरणांना ती सुमारे ३१.७ अंशांत वळवतात. मीठ तापवलं की प्रतलं दूर जातात आणि हा कोन कमी होतो, म्हणजे ठिपका आत सरकतो.

शिवाय मिठाचं जालक फलककेंद्रित (घनाच्या कोपऱ्यांवर आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावर बिंदू), तर त्याचं व्यस्त जालक अंतःकेंद्रित (कोपऱ्यांवर आणि घनाच्या पोटात मधोमध बिंदू). ठिपक्यांनाच अणू मानणारा रचनाच चुकीची काढेल. फिल्मवर फक्त तीव्रता नोंदली जाते, तरंगांची कला, म्हणजे कोणता तरंग किती पुढे-मागे आहे ते, हरवते. म्हणून अणूंच्या जागा गणितानेच शोधाव्या लागतात.