शोकात श्रद्धा नेमकं काय करते?

बाळ झोपेतच जातं. आजार नाही, अपघात नाही. शवविच्छेदनातही कारण सापडत नाही. वैद्यक याला ‘सडन इन्फंट डेथ सिंड्रोम’ म्हणतं. ‘असं का झालं?’ याला इथे डॉक्टरांकडेही उत्तर नसतं.

मॅकिंटॉश, सिल्व्हर आणि वॉर्टमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी असं बाळ गमावलेल्या १२४ आईवडिलांचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध केला. पहिली मुलाखत मृत्यूनंतर तीनेक आठवड्यांत, दुसरी दीड वर्षाने. श्रद्धेचा परिणाम आडवाटेने होताना दिसला. प्रार्थनेला जाणाऱ्यांना माणसांचा आधार अधिक वाटत होता. आणि ज्यांच्या लेखी धर्म महत्त्वाचा, ते त्या मृत्यूचा विचार टाळत नव्हते, उलट जास्त करत होते. त्यांना त्यात अर्थही अधिक गवसला. या दोन्ही गोष्टी दीड वर्षानंतरच्या सावरलेपणाशी जोडलेल्या होत्या.

श्रद्धाळू माणूस वास्तवाकडे पाठ फिरवतो, असं आपण सहज म्हणून जातो. म्हणून मला यातला विचार करण्याचा भाग फार मोलाचा वाटतो. आपल्याकडचा दहावा आठवा. पिंडाला कावळा शिवेना, की घाटावर जमलेले लोक गेलेल्याची कोणती इच्छा राहिली ते आठवू लागतात. ‘धाकटीचं लग्न आम्ही करू,’ असं कुणी मोठ्याने सांगतं. कावळ्याचं येणं-न येणं योगायोगाचं; पण अपुरं राहिलेलं चारचौघांत बोललं जातं आणि कुणीतरी ते अंगावर घेतं.

हीच श्रद्धा उलटूही शकते. ‘एवढं केलं देवाचं, तरी?’ मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी दोन तऱ्हा वेगळ्या केल्या: देव सोबत आहे असं वाटणं आणि देवाने शिक्षा दिली, टाकलं असं वाटणं. दुसरीचं नैराश्याशी नातं आढळतं. खुनात जिवलग गमावलेल्या आफ्रिकन-अमेरिकन माणसांच्या अभ्यासात बर्क आणि नेमायर या संशोधकांना दिसलं, की शोक चिघळलेला असेल तर काही महिन्यांनी देवाशीही दुरावा येण्याची शक्यता वाढते.

त्यामुळे ‘पूर्वजन्मीचं काही असेल’ असं सांत्वन पोळलेल्या आईच्या हाती परस्पर ठेवणं मला धोक्याचं वाटतं. बाळ गमावलेल्या आईवडिलांच्या माहितीचा पुन्हा धांडोळा घेऊन २००० साली आलेल्या एका लेखात आणखी एक गोष्ट पुढे आली: काहींनी अर्थ शोधलाच नव्हता, आणि तरीही ते बऱ्यापैकी सावरले होते.