मुलांची तक्रार आधी, कादंबरी नंतर : अमेरिकेतल्या किशोरवाचकांच्या मतांची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या एखाद्या गावातली पंधरा वर्षांची मुलगी नुकतीच संपवलेली कादंबरी टेबलावर ठेवते आणि बरोबरीच्या मुलांना सांगते, की यातला भाऊ अगदी खरा आहे, पण आई खोटी वाटते; शेवटही उगाच गोड केलाय. तिथल्या शाळांतून आणि सार्वजनिक वाचनालयांतून अशी चर्चा आता नित्याची आहे. तिला मत मांडायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि तिच्यासमोर आजच्या काळातल्या, तिच्याच वयाच्या मुलामुलींच्या कादंबऱ्यांचं भरलेलं कपाट असतं. हे दोन्ही आपोआप आलेलं नाही. मागे वळून पाहिलं की लक्षात येतं, मुलांची तक्रार आधी आली आणि त्यांच्यासाठीची वास्तववादी कादंबरी तिच्या पाठोपाठ.

सुरुवात ग्रंथपालांपासून करावी लागते, कारण या मुलांचं म्हणणं मनावर घेणारी पहिली मोठी माणसं तीच होती. न्यूयॉर्क सार्वजनिक वाचनालयानं १९२९पासून किशोरवयीन वाचकांसाठी पुस्तकांची यादी दरवर्षी काढायला सुरुवात केली. १९४१ साली याच वाचनालयाची नेथन स्ट्रॉस शाखा मॅनहॅटनमध्ये खास मुलं आणि तरुण यांच्यासाठी उघडली आणि तिची जबाबदारी मार्गारेट स्कॉगिन यांच्याकडे आली. स्कॉगिन यांनी पुढे जे केलं त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही, पण मला ते फार मोलाचं वाटतं. १९४०च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी रेडिओवर किशोरांचा पुस्तकचर्चेचा कार्यक्रम सुरू केला. शाळकरी मुलं मायक्रोफोनसमोर बसून पुस्तकावर बोलायची आणि शहर ते ऐकायचं. मुलाचं वाचन म्हणजे शिक्षकानं तपासायची गोष्ट, असं मानणाऱ्या काळात हे घडत होतं.

बाल्टिमोरच्या इनॉक प्रॅट वाचनालयात मार्गारेट एडवर्ड्स १९३२ साली रुजू झाल्या आणि पुढची तीस वर्षं त्यांनी किशोरवाचकांसाठीच काम केलं. महायुद्धाच्या काळात त्या घोडागाडीत पुस्तकं भरून गरीब वस्त्यांत जात. हाताखालच्या ग्रंथपालांना त्यांनी शेकडो पुस्तकं वाचायला लावली आणि त्या प्रत्येकाशी वाचलेल्या पुस्तकांवर बोलत राहिल्या. मुलाला पुस्तक सुचवायचं तर ते आपण स्वतः वाचलेलं हवं, आणि ते त्याला का आवडेल हे त्याच्याशी बरोबरीनं बोलून सांगता यायला हवं, ही त्यांची शिस्त होती.

याच सुमारास शिक्षणाच्या बाजूनंही एक महत्त्वाचा विचार मांडला गेला. लुईझ रोझेनब्लॅट यांचं साहित्याच्या अध्यापनावरचं पुस्तक १९३८ साली आलं. साहित्यकृतीचा अर्थ छापील पानात तयार असतो आणि वाचकानं तो फक्त शोधून काढायचा, ही समजूत त्यांनी नाकारली. अर्थ घडतो तो वाचणारा आणि वाचलं जाणारं यांच्या भेटीत, असं त्यांचं म्हणणं. हा विचार वर्गांत झिरपायला कित्येक वर्षं लागली, पण ‘तुला काय वाटलं?’ या प्रश्नाला वर्गात जागा मिळाली त्यामागे रोझेनब्लॅट यांचा मोठा वाटा आहे.

अडचण अशी होती, की मत विचारायचं तर कोणत्या पुस्तकांवर? मॉरीन डेली यांची विस्कॉन्सिनमधल्या एका उन्हाळ्यातल्या प्रेमाची कादंबरी १९४२ साली आली तेव्हा लेखिका स्वतः कॉलेजात होती. ती मोठ्यांसाठी म्हणून प्रकाशित झाली, पण मुलींनी ती आपली मानली. तिच्या यशानंतर प्रकाशकांना या वयाची बाजारपेठ दिसली आणि पुस्तकांची रांग लागली : फुटबॉलचा सामना, नाचाची पार्टी, पहिली भेट, घोड्यावर जीव लावणारी मुलगी. वडिलांची दारू, रस्त्यावरची मारामारी, घरातली पैशांची ओढाताण यांना या पानांत जागा नव्हती. मुलं ही पुस्तकं वाचत होती, आणि त्यांतल्या अनेकांना आपण इथे कुठेच नाही हे कळतही होतं.

हे जाहीरपणे बोलून दाखवलं ओक्लाहोमातल्या टल्सा शहरातल्या एका मुलीनं. एस. ई. हिंटन. तिच्या शाळेत श्रीमंत घरांतल्या मुलांचा एक गट आणि गरीब वस्तीतल्या मुलांचा दुसरा, असे उघड तट होते. सिनेमा पाहून घरी निघालेल्या तिच्या एका मित्राला दुसऱ्या गटाच्या मुलांनी मारलं, आणि त्या रागातून तिनं पंधराव्या वर्षी लिहायला घेतलं. ‘द आउटसायडर्स’ एप्रिल १९६७मध्ये प्रकाशित झाली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. मुलांच्या टोळ्यांवरची कादंबरी एका मुलीनं लिहिली आहे हे कळलं तर परीक्षक ती नीट वाचणारच नाहीत, म्हणून प्रकाशकांनी पूर्ण नावाऐवजी आद्याक्षरं छापली. सुरुवातीला पुस्तक फारसं खपलं नाही. ते तरलं, कारण शिक्षक ते वर्गासाठी मागवू लागले होते आणि प्रकाशकांच्या हे ध्यानात आलं. पुढे त्याच्या कोटीहून अधिक प्रती गेल्या.

पण या लेखाच्या विषयासाठी कादंबरीइतकंच महत्त्वाचं आहे ते त्याच वर्षी २७ ऑगस्टला ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पुस्तक पुरवणीत आलेलं हिंटनचं टिपण. किशोरांसाठी लिहिणारे लेखक पंधरा वर्षं मागे आहेत, जग बदललंय आणि पुस्तकं तिथेच आहेत, असं तिनं त्यात स्वच्छ लिहिलं. मुलांना गोड गोष्टी नको आहेत, जे त्यांच्या अवतीभवती घडतं ते हवंय, हा तिचा मुद्दा होता. एका किशोरवाचकानं समकालीन कादंबऱ्यांवर दिलेला हा अभिप्रायच होता. फक्त तो देशातल्या सगळ्यात वजनदार वृत्तपत्रात आला होता. कादंबरीही मुळात त्याच असमाधानातून झालेली. तिला वाचायला हवं होतं ते मिळेना, म्हणून तिनं ते लिहिलं, हे हिंटन पुढेही सांगत राहिली.

‘द आउटसायडर्स’ला पडद्यावर नेणारीही मुलंच. कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोजवळच्या लोन स्टार शाळेच्या ग्रंथपालांनी १९८० साली फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांना पत्र पाठवलं, सोबत सातवी-आठवीच्या शंभरावर मुलांच्या सह्या. आमच्या आवडत्या पुस्तकावर चित्रपट काढायला तुमच्याइतका योग्य माणूस नाही, असा मजकूर. कोपोला यांनी ते मनावर घेतलं आणि चित्रपट १९८३मध्ये आला. तो लोन स्टार शाळेच्या ग्रंथपालांना आणि विद्यार्थ्यांना अर्पण केलेला आहे. मोठ्या शहरातल्या समीक्षकांच्या शिफारशीनं असं काही झाल्याचं मला आठवत नाही. १९८८ साली किशोरसाहित्यातल्या योगदानासाठी मार्गारेट एडवर्ड्स यांच्या नावानं पुरस्कार सुरू झाला, आणि पहिला मान हिंटनला मिळाला. मुलांचं ऐकणाऱ्या ग्रंथपालाचं नाव आणि मुलांमधूनच आलेली लेखिका, असा तो योग होता.

हिंटननंतर दार उघडलं. १९७०चं दशक या कादंबरीचं सर्वांत धीट दशक म्हणता येईल. रॉबर्ट कॉर्मियर यांची १९७४ सालची शाळेतल्या दहशतीची कादंबरी शेवट सुखाचा करा म्हणणाऱ्या प्रकाशकांना पुरून उरली. त्यांच्या १९७७च्या पुढच्या एका कादंबरीत नायकाच्या मैत्रिणीचा म्हणून जो फोन नंबर छापला होता, तो खरं तर मॅसॅच्युसेट्समधल्या लेमिन्स्टर गावातल्या कॉर्मियर यांच्या घरचाच होता. मुलं कुतूहलानं तो फिरवायची, आणि पलीकडून लेखक बोलायचा. वर्षानुवर्षं हे फोन येत राहिले आणि कॉर्मियर ते घेत राहिले. शेवट असा का केला, तो मुलगा जगायला हवा होता, अशी भांडणं लेखकाशी थेट करायची संधी या मुलांना मिळाली. कोणत्याही सर्वेक्षणापेक्षा हे मला मोठं वाटतं.

लेखिका ज्यूडी ब्लूम यांच्याकडे फोनऐवजी पत्रं यायची, हजारोंनी. पाळी, आईवडिलांचा घटस्फोट, पहिलं शरीरसंबंधाचं आकर्षण यांवर त्यांनी सरळ लिहिलं आणि मुलींनी त्यांना पत्रांतून आपलं सगळं सांगितलं. त्या पत्रांतला निवडक भाग १९८६ साली पुस्तकरूपानं आला. ब्लूम यांचे कागद आता येल विद्यापीठाच्या बाइनेकी ग्रंथालयात जपलेले आहेत. या पत्रांत कादंबरीबद्दलचं मत आणि स्वतःच्या घरातली गोष्ट वेगळी काढता येत नाही. ‘तुमच्या पुस्तकातलं हे माझ्या बाबतीतही झालं’ हेच तिथे मत असतं. लॉरी हॉल्स अँडरसन यांच्या १९९९ सालच्या कादंबरीचं तसंच झालं. बलात्कारानंतर गप्प झालेल्या एका नववीतल्या मुलीची ती गोष्ट. वाचकांच्या पत्रांतल्या ओळी गुंफून अँडरसन यांनी पुढे एक कविता केली आणि ती कादंबरीच्या दशकपूर्तीच्या आवृत्तीत छापली.

मात्र कुणाचं वास्तव, हा प्रश्न बराच काळ मागे राहिला होता. नॅन्सी लॅरिक यांनी १९६५ साली, १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत निघालेली ५,२०६ बालपुस्तकं तपासून दाखवलं, की त्यांतल्या जेमतेम ६.७ टक्के पुस्तकांत एखादं तरी कृष्णवर्णीय पात्र होतं. त्या लेखाची सुरुवात एका पाच वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीच्या प्रश्नानं होते : चित्रांतली मुलं नेहमी गोरीच का? हार्लेममध्ये वाढलेल्या वॉल्टर डीन मायर्स यांनी पुढे न्यूयॉर्कच्या वस्त्यांतली मुलं कादंबरीत आणली. तरीही पन्नास वर्षांनी, २०१५मध्ये, न्यू जर्सीतली मार्ली डायस ही शाळकरी मुलगी नेमकी तीच तक्रार करत होती : वर्गात नेमलेल्या पुस्तकांत गोरी मुलं आणि त्यांचे कुत्रे, आपल्यासारखी मुलगी नाही. तिनं कृष्णवर्णीय मुली नायिका असलेली हजार पुस्तकं गोळा करण्याची मोहीम काढली आणि तिच्याकडे त्याहून कितीतरी अधिक आली.

मुलांच्या मतांना संस्थांनी चौकट दिली ती टप्प्याटप्प्यानं. रॉबर्ट कार्लसन यांच्या पुढाकारानं १९७०च्या दशकात आयोवा विद्यापीठातून शाळकरी वाचकांची पसंती नोंदवणारी पाहणी दरवर्षी होऊ लागली. अमेरिकन ग्रंथालय संघाच्या किशोर विभागाची उत्तम पुस्तकांची समिती भरते, तेव्हा एका सत्रात परिसरातली मुलं येऊन माइकवर एकेका पुस्तकाबद्दल बोलतात, आणि ज्यांनी वर्षभर ती पुस्तकं वाचली ते ग्रंथपाल मुकाट्यानं ऐकतात. २००३पासून त्याच विभागानं मुलांच्या मतांवर दहा पुस्तकांची यादी सुरू केली. निवडलेल्या वाचक-गटांना प्रकाशक प्रकाशनपूर्व प्रती पाठवतात, मुलं वाचून अभिप्राय भरून देतात, त्यांतून नामांकनं ठरतात आणि मग देशभरातली बारा ते अठरा वर्षांची मुलं मतदान करतात.

या व्यवस्थेचं मला कौतुक आहे, पण तिची एक उणीवही दिसते. यादीत फक्त आवडलेली पुस्तकं उरतात. ‘साठाव्या पानावर ठेवून दिलं, कारण असं कुणी बोलत नाही’ हे वाक्य यादीत कधी येत नाही. आणि किशोरांच्या कादंबरीला पुढे नेलं आहे ते बहुतेक वेळा अशाच वाक्यांनी. हिंटनचं १९६७चं टिपण असंच नापसंतीचं होतं, आणि मार्ली डायसची तक्रारही.

मुलांचं मत कायद्यापुढेही गेलं आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या लाँग आयलंडवरच्या आयलंड ट्रीज शालेय मंडळानं १९७६ साली शाळेच्या ग्रंथालयातून काही पुस्तकं काढून घेतली आणि ती अमेरिकाविरोधी, ख्रिश्चनविरोधी, ज्यूविरोधी आणि अश्लील असल्याचं पत्रक काढलं. मंडळानंच नेमलेल्या समितीनं त्यांतली काही परत ठेवायला सांगितलं होतं. तेही मानलं नाही. स्टीव्हन पिको आणि आणखी चार विद्यार्थी न्यायालयात गेले. जून १९८२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी विद्यार्थ्यांच्या बाजूनं कौल दिला, आणि त्याच वर्षी मंडळानं पुस्तकं परत ठेवायचं ठरवलं. निकाल मात्र ठिसूळ होता. पुस्तकातल्या कल्पना आवडत नाहीत एवढ्यासाठी ते काढता येणार नाही, या तत्त्वाला न्यायमूर्तींचं बहुमत मिळालं नव्हतं; विद्यार्थ्यांच्या बाजूच्या पाचही जणांची कारणं एक नव्हती. त्याचा परिणाम आता दिसतो. मे २०२५मध्ये टेक्सास, लुइझियाना आणि मिसिसिपी या राज्यांवर अधिकार असलेल्या संघीय अपील न्यायालयानं टेक्सासमधल्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या प्रकरणात निर्णय दिला, की वाचनालयातून पुस्तकं काढण्याच्या निर्णयाला माहिती मिळवण्याच्या हक्काचा आधार घेऊन वाचकाला आव्हान देता येणार नाही.

वाचनालयांनी आपल्या परीनं वाट काढली आहे. एप्रिल २०२२मध्ये ब्रुकलिन सार्वजनिक वाचनालयानं देशातल्या कुठल्याही तेरा ते एकवीस वर्षांच्या वाचकाला डिजिटल पुस्तकांचं मोफत कार्ड द्यायला सुरुवात केली. गावातल्या शाळेनं काढून टाकलेली कादंबरी त्या कार्डावर घरबसल्या वाचता येते. पण सगळ्यात थेट मार्ग मुलांनीच वापरला. पेनसिल्व्हेनियातल्या सेंट्रल यॉर्क जिल्ह्यात २०२०च्या अखेरीस शालेय मंडळानं पुस्तकांची आणि इतर साहित्याची एक लांबलचक यादी वर्गांतून बाद केली. त्यातले बरेचसे लेखक कृष्णवर्णीय किंवा इतर अल्पसंख्य समाजांतले होते. पुढच्या शालेय वर्षाच्या सुरुवातीला हायस्कूलची मुलं सकाळी वर्ग भरण्याआधी शाळेबाहेर फलक घेऊन उभी राहू लागली. काढून टाकलेल्या पुस्तकांबद्दल त्यांनी जाहीरपणे मत मांडलं, मंडळाला जाब विचारला, आणि सप्टेंबर २०२१मध्ये मंडळाला बंदी मागे घ्यावी लागली.