सर्च इंडेक्स ताजा ठेवण्यामागचा इतिहास

अंतर्गत संकेतस्थळावर एखादे परिपत्रक शोधताना रद्द झालेली जुनी प्रत आधी समोर येते, तेव्हा दोष बहुधा शोधण्याच्या पद्धतीत नसून इंडेक्स वेळेवर अद्ययावत न होण्यात असतो. कोणता शब्द कोणकोणत्या पानांवर येतो याची आधीच करून ठेवलेली नोंद म्हणजे इंडेक्स. 13 व्या शतकात पॅरिसमधील डोमिनिकन साधूंनी लॅटिन बायबलची शब्दसूची याच तत्त्वावर तयार केली. मात्र तो ग्रंथ स्थिर होता आणि संकेतस्थळ स्थिर नसते.

केव्हिन ह्यूझ यांनी 1994 मध्ये लिहिलेले स्विश आणि सॅन डिएगो स्टेट युनिव्हर्सिटीतील सर्व्हर शोधता यावेत म्हणून 1995 च्या सुमारास तयार झालेले एचटी-डिग ही संकेतस्थळांचा इंडेक्स करण्याची सुरुवातीची साधने. त्या काळी संपूर्ण इंडेक्स रात्री नव्याने बांधण्याची रीत रूढ होती. नवी सूची वेगळ्या फाइलींत तयार करायची आणि ती पूर्ण झाल्यावरच जुनीच्या जागी ठेवायची, म्हणजे मधल्या वेळेतही शोध चालू राहतो. ही खबरदारी आजही तितकीच मोलाची आहे.

एकच पान बदलायचे तर एवढा खटाटोप का, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण त्या पानात तीनशे वेगवेगळे शब्द असतील, तर प्रत्येक शब्दाची एक अशा पानांच्या तीनशे याद्यांना हात लावावा लागतो आणि या याद्या डिस्कवर दाटीने रचलेल्या असतात. डग कटिंग यांनी लिहिलेल्या ल्यूसीन या शोधाच्या सॉफ्टवेअरने यावर दिलेले उत्तर मला या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे वाटते: इंडेक्सचा एकदा लिहिलेला तुकडा बदलायचाच नाही, नव्या मजकुराचा नवा छोटा तुकडा करायचा, जुन्या पानावर केवळ 'वगळले' अशी खूण करायची आणि पुढे तुकडे एकत्र करताना ते पान खरोखर काढून टाकायचे. ल्यूसीनच्याच पायावर सोलर आणि 2010 मध्ये इलास्टिकसर्च ही शोधयंत्रे उभी राहिली. इलास्टिकसर्चमध्ये मूळ मांडणीनुसार नवी नोंद साधारण एका सेकंदात शोधात दिसू लागते.

मात्र मूळ पान काढून टाकले गेले, हे इंडेक्सला आपोआप कळत नाही. दुवे धरून पानापानावर फिरणारा क्रॉलर हा प्रोग्राम त्या पत्त्यावर पुन्हा जाईपर्यंत, किंवा मजकूर हटवणारी यंत्रणा स्वतः तसे कळवीपर्यंत, ते पान निकालांत येतच राहते.